पॅच तुम्ही पाठवलात, तो वाचायचा कोणी?

‘गेली सहा वर्षे मी रेखाचित्रांच्या कामासाठी एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असे, सॉफ्टवेअर वापरतो. मोठी फाइल सेव्ह करताना ते मध्येच बंद पडते, ही तक्रार मी दोन वर्षांपूर्वी नोंदवली. कोणी हात लावला नाही, म्हणून अखेर सी प्लस प्लस शिकून मी स्वतःच दुरुस्ती केली. त्याच ओघात सेव्ह करण्याची खिडकी सुधारली, आजूबाजूचा जुना कोडही नीट मांडला आणि सुमारे १,४०० ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा संच, पाठवला. त्याला पाच महिने झाले. प्रकल्प सांभाळणाऱ्या एकाही मेंटेनरने त्यावर अक्षर लिहिलेले नाही. मध्यंतरी मी “हा प्रकल्प जिवंत आहे की नाही?” असे विचारले, तेव्हा “आम्ही सगळे स्वयंसेवक आहोत” एवढेच उत्तर आले. हजारो लोक हे सॉफ्टवेअर वापरतात, शेकडो जण मदतीला तयार आहेत, तरी काम गोगलगायीच्या गतीने का चालते? मी फोर्क, म्हणजे याच कोडवरून वेगळा प्रकल्प, काढू, पैसे देऊ, की नाद सोडून देऊ?’
— एक वैतागलेला हितचिंतक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. फोर्क काढू नका आणि नादही इतक्यात सोडू नका. पैशांविषयी पुढे लिहितो. तुमचा पॅच कोणी नाकारलेला नाही. तो अजून कोणी वाचलेलाच नाही, आणि या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे. हे मी जरा अधिकाराने सांगू शकतो, कारण फाइलींचे रूपांतर करणारी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) मी काही वर्षे एकट्याने सांभाळली आणि त्या काळात उत्तर न देणाऱ्या मेंटेनरांमध्ये माझीही गणना होत असे.

नोकरी आणि घर आटोपून रात्री लॅपटॉप उघडला की माझ्या हाती जेमतेम पाऊण तास असे. वीस ओळींची दुरुस्ती आलेली असली, तर तेवढ्या वेळात ती वाचून, चालवून, मर्ज करून (मुख्य कोडमध्ये मिसळून) समाधानाने झोपता येई. हजार ओळींचा पॅच मात्र पाऊण तासाच्या तुकड्यांत वाचता येत नाही, कारण दुसऱ्या रात्री तो पुन्हा उघडेपर्यंत आदल्या रात्री डोक्यात जुळवलेले सगळे पुसले गेलेले असते. त्याला सलग अर्धा दिवस लागतो, आणि तसा अर्धा दिवस महिनोन्महिने मिळत नाही. मग तो ‘सवडीने पाहू’ म्हणून बाजूला राहतो आणि त्यात उशिराच्या लाजेची भर पडते. तीन आठवड्यांनी उत्तर द्यायचे तर दिलगिरी व्यक्त करावी लागते, तीन महिन्यांनी जोडीला कारणही सांगावे लागते, आणि पाच महिन्यांनी ते पान उघडण्याचेच धाडस होत नाही. तुमच्याविरुद्ध कोणी काही ठरवलेले असते असे मुळीच नाही. पण ज्याला पॅच पाठवून ताटकळत बसावे लागते त्याला ते तसे वाटते, हेही मी समजू शकतो.

शिवाय वाचणे ही केवळ पहिली पायरी आहे. मर्ज झालेला कोड प्रकल्पाच्या पदरात पडतो आणि तिथेच राहतो, मग तो लिहिणारा राहो वा न राहो. दोन वर्षांनी एखाद्याच्या संगणकावर तुमच्या १,४०० ओळींमधून काही विपरीत घडले, तर तो माणूस तुम्हाला शोधत येणार नाही, मेंटेनरला विचारील. त्यातून तुमचा पॅच फाइल सेव्ह करण्याच्या भागातला आहे. हा भाग कोणत्याही चित्रसॉफ्टवेअरमध्ये सर्वांत नाजूक समजला जातो. सेव्ह करताना प्रोग्राम बंद पडणे वाईट खरेच, पण प्रोग्राम व्यवस्थित चालल्यासारखा दिसून चुकीची फाइल लिहिणे त्याहून कितीतरी वाईट, कारण वापरणाऱ्याला ते कळते तेव्हा त्याचे काम कायमचे गेलेले असते. म्हणून जाणते मेंटेनर अशा ठिकाणी हात आखडता घेतात, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे.

आता ‘शेकडो जण मदतीला तयार आहेत, तरी’ या तुमच्या वाक्याकडे वळतो, कारण खरे घोडे तिथे पेंड खाते. कोड लिहिणारे हात वाढले की काम वेगाने होईल, हा समज जुना आहे आणि तो चुकीचा असल्याचा अनुभवही तितकाच जुना आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या संगणकप्रणालीच्या प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवले की, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसे घातली तर तो आणखी रखडतो. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो, आणि परस्परांत बोलाव्या लागणाऱ्या जोड्या माणसांच्या संख्येपेक्षा फार झपाट्याने वाढतात: ५ माणसांत १० जोड्या, १० माणसांत ४५, आणि ५० माणसांत १,२२५. स्वयंसेवी प्रकल्पात प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलत नाही, त्यामुळे हे गणित तिथे जसेच्या तसे लागू पडत नाही, हे मान्य. पण तिथे दुसरी अडचण उभी राहते: येणारा प्रत्येक जण त्याच दोन-तीन माणसांशी बोलतो. एक टोक लाखभर लोकांसाठी उघडे आणि दुसरे टोक तिघांच्या रात्रींएवढे अरुंद, अशी ती रचना असते.

मदतीच्या पुरात प्रकल्प कसे बुडतात, याचे जाहीर उदाहरण २०२० साली पाहायला मिळाले. हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये भरतो आणि त्या काळात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षी टी-शर्टासाठी वाक्यात एखादा शब्द घुसडणाऱ्या निरर्थक पुल रिक्वेस्टींचा असा वर्षाव झाला की, महिना सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिला आहे त्यांच्यापुरताच उपक्रम ठेवावा लागला. तुम्ही त्या जातीचे नाही. तुम्ही भाषा शिकून, खपून काम केले आहे. पण मेंटेनरच्या यादीत तुमची ओळ आणि त्यांची ओळ एकाखाली एक, सारखीच दिसते, आणि कोणती कोणत्या लायकीची हे कळण्यासाठी दोन्ही उघडाव्याच लागतात. आता यंत्राकडून कोड लिहून घेणे सोपे झाल्यापासून हा भार आणखी वाढला आहे. लिहायला मिनिट आणि तपासायला तास, असा तो व्यस्त व्यवहार आहे.

वापरणारे पुष्कळ असले की पाहणारेही पुष्कळ असतात, हा दुसरा गोड गैरसमज. पुरेसे डोळे असले की कोणताही बग लपून राहत नाही, असे ओपन सोर्सचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी म्हटले होते, आणि ते चूकही नाही. फक्त ते डोळे खरोखर उघडे असावे लागतात. ओपनएसएसएल ही लायब्ररी इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरांचे संरक्षण करत होती. तिच्या मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीतली हार्टब्लीड नावाची भयंकर चूक उघड झाली ती एप्रिल २०१४ मध्ये. त्या वेळी हेही समोर आले की, या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर मिळत होते आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. बाकी सारे जग घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या मूठभर लोकांवर विसंबून निर्धास्त झोपले होते.

तरीही ‘आम्ही स्वयंसेवक आहोत’ हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि ते ज्या तुटकपणे दिले गेले तो तर आवडलेलाच नाही. स्वयंसेवक म्हणजे मंद, असे समीकरण नाही. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नवी आवृत्ती दर ९-१० आठवड्यांनी येते, हे उदाहरण इथे हमखास दिले जाते. पण त्यातले बहुतेक काम कंपन्यांच्या पगारावर असलेले लोक करतात, तेव्हा ते बाजूला ठेवू. लिनक्सवर आधारलेली डेबियन ही प्रणाली मात्र स्वयंसेवकांचीच. तिची ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ यायला जून २००५ उजाडला. तेवढ्या अवधीत तिची यथेच्छ टवाळी झाली. पुढे हळूहळू घडी बसली आणि २००९ मध्ये ‘फ्रीझ’ ठरलेल्या वेळी करायचे, म्हणजे ठरल्या वेळेपासून नवे काही आत घ्यायचे नाही, असे धोरण जाहीर झाले. आता सुमारे दोन वर्षांनी आवृत्ती येते: बारावी जून २०२३ मध्ये आली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. जे वेळेत तयार नाही ते पुढच्या खेपेला जाते, त्याच्यासाठी बाकीच्यांना खोळंबून ठेवले जात नाही. पगार नसलेल्या माणसांनाही लय लावून घेता येते, एवढे यातून दिसते.

याउलट तुमच्याच क्षेत्रातले गिंप हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर पाहा. २.१० ही आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये आली आणि ३.० मार्च २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ सात वर्षांनी. मधल्या काळात तिथली मंडळी हातावर हात ठेवून बसली नव्हती, २.१० च्या सुधारित आवृत्त्या येतच होत्या. पण पडद्यावर खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या ज्या जीटीके या पायावर ते सॉफ्टवेअर उभे आहे तो पाया बदलून नव्या पिढीच्या जीटीकेवर सगळा संसार हलवायचा होता. (गंमत म्हणजे जीटीकेचा जन्म मुळात गिंपसाठीच झाला होता, लेकरू मोठे होऊन पुढे निघून गेले आणि घर मागे राहिले.) असे स्थलांतर बाहेरून दिसत नाही. वापरणाऱ्याला सगळे ठप्प वाटते आणि आत मात्र भिंती पाडण्याचे काम चाललेले असते. तुमच्या प्रकल्पातही असे काही सुरू आहे का, हे पाहून घ्या. असेल, तर ज्या कोडची तुम्ही नीट मांडणी केलीत तोच कदाचित टाकून दिला जाणार असेल, आणि पॅचला हात न लागण्याचे ते सरळसोट कारण असू शकते.

‘ओपन’ या शब्दाने तुमच्या मनात जी अपेक्षा निर्माण केली आहे, तीही एकदा तपासून पाहा. हा शब्द वापरण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क देतो; तुमचे काम स्वीकारण्याचे वचन देत नाही. जगात अफाट वापरला जाणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस पूर्णपणे सार्वजनिक मालकीचा आहे, पण बाहेरचे पॅच तो सहसा घेत नाही आणि तसे उघडपणे सांगतोही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नवे काही घालणेच थांबवले. दर दुरुस्तीनंतर तिचा आवृत्ती क्रमांक ‘पाय’ (३.१४१५…) या गणिती संख्येच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो, इतकेच. एमआयटी असो वा जीपीएल, परवान्याच्या मजकुरात हे सॉफ्टवेअर ‘जसे आहे तसे’ आणि कोणत्याही हमीशिवाय दिले आहे, असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. आपण ते वकिली भाषा म्हणून सोडून देतो, पण देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाते त्या ओळीत पुरेसे स्पष्ट केलेले असते.

‘प्रकल्प जिवंत आहे की नाही?’ या प्रश्नाबद्दल मी तुम्हाला जरा कठोरपणे लिहिणार आहे. एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारे साधन बराच काळ एकाच माणसाच्या खांद्यावर होते. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्याच्यामागे टुमणे लागले: पॅच पडून आहेत, गती नाही, दुसरा मेंटेनर नेमा. आपण हे फावल्या वेळात, बिनपैशाने करतो आणि मानसिक स्वास्थ्यही ठीक नाही, असे त्याने लिहिले होते. २०२१ पासून चांगले पॅच पाठवणाऱ्या एका मदतनिसाला अखेर अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या आरंभी आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्याच खात्यावरून एक चोरदरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्याच चाचण्या करताना सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, म्हणून मार्चअखेर तो चोरदरवाजा सापडला. तगादा लावणारी ती खाती याच कटातली होती, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. तुमचा हेतू स्वच्छ आहे याबद्दल मला शंका नाही. पण तुमचे वाक्य आणि त्यांची वाक्ये शेजारी ठेवली, तर वाचणाऱ्याला त्यांतला फरक कसा कळावा? या प्रकरणानंतर एकटे मेंटेनर अशा वाक्यांना बिचकतात, आणि अनोळखी माणसाला अधिकार द्यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतात.

तेव्हा करावे काय? प्रथम त्या संवादात एक ओळ लिहा की, माझा सूर चुकला, आणि हा पॅच वाचायला सोपा करून पुन्हा पाठवतो. पाच महिन्यांचा हिशेब त्यात नको. मग १,४०० ओळी समोर घ्या आणि प्रोग्राम बंद पडण्याशी ज्यांचा थेट संबंध आहे तेवढ्याच वेगळ्या काढा. माझा अंदाज असा की, त्या शंभराच्या आत भरतील. खिडकीची सुधारणा हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर मतभेद होणारच, कारण दिसणाऱ्या गोष्टीबद्दल प्रत्येकाला मत असते. जुन्या कोडची मांडणी तर सध्या टाकूनच द्या. ती करताना तुम्हाला आनंद झाला असेल, पण तपासणाऱ्याला खरी दुरुस्ती कुठे आहे हे तिच्यामुळेच दिसत नाही. लहान पॅचसोबत एक चाचणी जोडा, जी दुरुस्तीपूर्वी फसते आणि दुरुस्तीनंतर पार पडते. सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडून मूळ चित्राशी ताडून पाहणारी दुसरी चाचणी जोडलीत, तर मेंटेनरच्या मनातली ती मोठी भीती तुम्ही त्याच्या आधी ओळखलीत असे होईल. चाचणी हाती असली की वाचणाऱ्याला तुमच्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही.

यापुढचा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पुढचे दोन महिने नवा कोड लिहू नका. तुमच्यासारखेच इतरांचेही पॅच त्या यादीत पडून असतील. त्यांतला आठवड्याला एक निवडा, आपल्या संगणकावर चालवून पाहा आणि काय तपासले, कोणत्या फाइलींवर, काय बिघडले, काय नाही, हे नीट लिहा. जुन्या तक्रारी काढून त्या आजच्या आवृत्तीत घडतात का ते पाहा आणि एकच तक्रार चार वेळा नोंदवली गेली असेल तर तसे दाखवून द्या. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि त्यासाठी टी-शर्टही मिळत नाही. पण तुमच्या अशा एका टिपणामुळे मेंटेनरचा अर्धा दिवस पाऊण तासावर येतो, आणि त्याच्याजवळ असतो तो पाऊण तासच. माझ्या लायब्ररीत एक बाई असे करत असत; त्यांनी कोडची एकही ओळ लिहिली नाही, पण त्या होत्या तोवर वर्षाला चार रिलीज (नव्या आवृत्त्या) होत आणि त्या गेल्यावर एक. त्यांचे मोल मला त्या गेल्यानंतर उमगले, ही माझी चूक.

आठवण करून द्यायला हरकत नाही. तीन-चार आठवड्यांतून एकदा, त्याच ठिकाणी, एका वाक्यात. खासगी मेल मात्र टाळा.

पैशांचा पर्याय तुम्ही विचारला आहे. या सॉफ्टवेअरवर तुमची उपजीविका चालत असेल तर देणगी अवश्य द्या, पण तिच्या बदल्यात गतीची अपेक्षा धरू नका. पूर्णवेळ नोकरी असलेल्या माणसाला किरकोळ रकमेतून रात्रीचे तास विकत घेता येत नाहीत. त्यातून फार तर सर्व्हरचा खर्च भागतो. गती बदलते ती कोणाचा तरी पूर्ण पगार निघू लागला की. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांकडून निधी उभारला, त्यातून ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणाऱ्यांची सोय झाली, आणि मग तो प्रकल्प सावरला. तुमच्यासारखे काही व्यावसायिक एकत्र येऊन एखाद्या मेंटेनरचे दोन-तीन महिने विकत घेऊ शकत असतील तर तसे विचारून पाहा. पण तो ‘नाही’ म्हणाला तर रागावू नका, कारण छंदाची नोकरी झालेली सगळ्यांनाच हवी असते असे नाही.

राहिला फोर्क. स्वतःच्या संगणकावर तुमचा पॅच लावलेली आवृत्ती बांधून वापरायला आजही कोणाची परवानगी लागत नाही. ती आजच बांधा, म्हणजे या सगळ्यातली निकड आपोआप कमी होईल. मोठी फाइल सेव्ह होते आहे म्हटल्यावर उत्तर महिन्याने आले काय आणि दोन महिन्यांनी आले काय. जाहीर फोर्क मात्र वेगळे प्रकरण आहे. लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसपासून फुटले आणि तगले, कारण तिथे काम करणाऱ्यांचा मोठा गट एकत्र बाहेर पडला होता. एकट्याने काढलेल्या फोर्कला मूळ प्रकल्पातला प्रत्येक बदल आपल्याकडे ओढत राहावे लागते, आणि त्यात जाणाऱ्या वेळात तुम्ही चित्रे काढणार होतात.

तीन महिन्यांनी पुन्हा पाहा, पण तुमच्या पॅचकडे न पाहता इतरांच्या लहान पॅचकडे पाहा. त्यांना उत्तरे मिळत असतील आणि तुमच्या छोट्या पॅचलाच मिळत नसेल, तर थेट विचारा की, यात तुम्हाला काय खटकते. सहा महिन्यांत कोणाचेच काही मर्ज झाले नसेल आणि एकही रिलीज आला नसेल, तर तुमचा तो कडू प्रश्न योग्य होता असे मी मान्य करीन. तेव्हा आधी सांभाळण्यासाठी मदत देऊ करा, आणि त्यालाही उत्तर आले नाही तर हे सॉफ्टवेअर डेबियनसारख्या विविध वितरणांसाठी बांधून देणाऱ्या पॅकेज मेंटेनरांना गाठा, कारण प्रकल्प बंद पडल्याची झळ तुमच्यानंतर त्यांनाच लागते. तोवर या आठवड्याअखेर ती शंभर ओळींची दुरुस्ती वेगळी काढून पाठवा, शीर्षकात तुमच्या जुन्या तक्रारीचा क्रमांक घाला, आणि १,४०० ओळींचा पॅच स्वतःच्या हाताने बंद करा, म्हणजे त्या यादीतली एक ओळ तरी कमी होईल.